दुसरा पत्ता

एकाच गोष्टीवर विसंबून न राहणारा आमच्या साडूंसारखा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नाही. आणि असलाच, तर साडूंनी त्याला आधीच हुडकून स्वतःच्या जागी राखीव म्हणून जपून ठेवला असेल. त्यांच्या खिशात दोन रुमाल असतात, दोन पेनं असतात आणि किल्ल्यांचे दोन जुडगे असतात. हिंगोलीहून औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघायचं असलं तरी ते एसटीची वेळ बघतात आणि वर एका जीपवाल्याला सांगून ठेवतात. स्वतःच्या लग्नात त्यांनी दोन गुरुजी सांगितले होते. आमचे सासरे त्यावरून मांडवात चांगलेच तापले होते. पण मंगलाष्टकांच्या तिसऱ्या कडव्याला कोणीतरी नेम धरून टाकलेल्या अक्षता पहिल्या गुरुजींच्या घशात गेल्या आणि त्यांना जो ठसका लागला तो काही थांबेना. दुसऱ्या गुरुजींनी शब्द जिथे तुटला तिथूनच उचलला, आणि ‘सावधान’ वेळेवर पडलं. अर्ध्या वऱ्हाडाला काही कळलंसुद्धा नाही. तो साडूंच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण होता, असं माझी मेहुणी अजून सांगते. लग्न लागलं म्हणून नव्हे, गुरुजी पडले तरी काम थांबलं नाही म्हणून.

त्यांना हसणारे पुष्कळ आहेत. मीही त्यातलाच एक होतो, आणि थोरला जावई या नात्याने त्या हसण्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता. आता कोणी हसलं तर मला राग येतो. हे सगळं लिहायला बसलो आहे तेही त्या रागापायीच.

साडूंचं कोणाच्या दारात उभं राहणं हा एक पाहण्यासारखा प्रकार आहे. ते बेल वाजवतात आणि मनात पाच आकडे मोजतात. पाचाच्या आत दार उघडलं तर ठीक, नाहीतर ते तिथे क्षणभरही थांबत नाहीत, पुढच्या दारात जातात. एकदा आमच्याकडे पुण्याला आले. मी अंघोळ आटोपून पंचा शोधत होतो. दार उघडून बघतो तर कोणी नाही. शेवटी शेजारच्या घरातून त्यांच्या हसण्याचा आवाज आला. शेजाऱ्यांशी त्यांची ओळखदेख नव्हती, पण तिथे बसून साडूंचा दुसरा कप चहा चालू होता. माझी वाट का पाहिली नाही, असं विचारलं तर म्हणाले, जो दार उघडत नाही त्याच्या दारात किती वेळ उभं राहायचं हे माणसानं घरून निघतानाच ठरवून निघावं, नाहीतर आयुष्य उंबऱ्यावर जातं.

दार उघडल्यावरही ते लगेच कामाचं बोलत नाहीत. आधी एक प्रश्न विचारतात. आमच्या घरी मला समोर बसवून त्यांनी माझ्या बायकोला विचारलं होतं, “अक्का, आज घरात कोणाचं चालून राहिलं?” बायको म्हणाली, रोज कोणाचं चालतं? साडूंनी मान डोलावली, खुर्ची वळवून माझ्याकडे पाठ केली आणि ज्या कामासाठी आले होते ते सगळं तिला सांगितलं. मी त्या खोलीत होतो याची त्यांनी नंतर चहापुरती दखल घेतली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या घरी परीक्षा असते. सकाळी उठून ते जाहीर करतात की आज पुढचं दार गेलं. म्हणजे दार जागेवरच असतं, पण त्या दिवशी ते नाही असं समजून सगळ्यांनी मागच्या दाराने, न्हाणीघराला वळसा घालून ये-जा करायची. कधी गॅस जातो आणि शेगडी काढावी लागते. कधी नळ जातो. एका रविवारी त्यांनी स्वतःच गेल्याचं जाहीर केलं आणि दिवसभर कोणाशी एक अक्षर बोलले नाहीत. घर कसं चालतं ते कोपऱ्यात बसून बघत राहिले. मेहुणीने त्या दिवशी चार कामं जास्तीची उरकली आणि संध्याकाळी म्हणाली की आजच्याइतकी शांतता लग्नापासून मिळाली नव्हती.

आता हे वेड त्यांना कुठून लागलं ते सांगायला हवं. हिंगोलीत एक संस्था आहे. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण अध्यक्ष अजून लग्नाकार्यात भेटतात. या संस्थेची डायलिसिसची तीन केंद्रं आहेत: हिंगोली, औंढा आणि डोंगरकडा. ज्यांच्या किडन्या थकल्या ती माणसं आठवड्यातून दोनदा-तीनदा येऊन खुर्चीत चार तास बसतात आणि यंत्र त्यांचं रक्त धुऊन देतं. कोणाचं वजन किती उतरवायचं, कोणाला कोणतं इंजेक्शन चालतं, कोणाला मागच्या वेळी काय झालं, हे सगळं संस्थेच्या डेटाबेसमध्ये असतं. साडू त्या डेटाबेसचे राखणदार. मुख्य सर्व्हर हिंगोलीला. तिथे जे लिहिलं जाईल ते जसंच्या तसं, घडीघडीला, डोंगरकड्याच्या राखीव सर्व्हरवर उतरत राहतं. राखीव वाचू देतो, पण स्वतःवर लिहू देत नाही. मुख्य पडला, की राखीवाला उठवून सांगायचं, बाबा, आता तू मुख्य.

इथपर्यंत कोणालाही जमतं, असं साडूंचं म्हणणं. खरी गोम पुढे आहे. राखीव मुख्य झाला हे टेबलावरच्या कॉम्प्युटरांना कोण सांगणार? सर्व्हर कुठे आहे ते प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं. त्या ओळीत पत्ता एकच असेल, तर मुख्य मेल्यावरही ते बिचारे मेलेल्याच्याच दारात उभे राहतात. म्हणून ओळीत पत्ते दोन लिहायचे. पहिल्या दारात पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, हेही लिहायचं. आणि दार उघडलं तरी आधी विचारायचं, तुम्ही लिहून घेता का? जो हो म्हणेल तिथेच बसायचं. दोन पत्ते, पाच सेकंद, एक प्रश्न: एवढ्यात साडूंचा सगळा वेदान्त आला. तिन्ही केंद्रांच्या सगळ्या कॉम्प्युटरांत ही ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने घातली होती. मग तीच स्वतःच्या संसारातही घातली.

ही ओळ एका कागदावर छापून त्यांनी हिंगोलीच्या नोंदणीच्या खोलीत चिकटवली होती. अध्यक्षांनी एक दिवस ती वाचली. इंग्रजी अक्षरं, आकडे, ठिपके यांतून त्यांना ओळखीचे दोनच शब्द सापडले: हिंगोली, आणि तिच्यापाठोपाठ डोंगरकडा. हिंगोलीच्या मुख्य कार्यालयातल्या मशीनमध्ये डोंगरकड्याचं नाव कशाला, असं त्यांनी विचारलं. साडूंनी समजावलं. अध्यक्षांना जेवढं समजलं त्याचा अर्थ असा निघाला की उद्या प्रसंग आलाच तर हिंगोलीने डोंगरकड्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. त्यांनी बैठक बोलावली. तिथे उपाध्यक्ष होते, ते डोंगरकड्याचे. ते म्हणाले, आमचं नाव दुसरं का? आमच्या केंद्रातल्या मशीनमध्ये तरी आमचं पहिलं पाहिजे. पोळ्याला मानाची जोडी कोणाची, यावरून ज्या गावांत तोरणाखाली बैल उन्हात तासभर ताटकळतात, त्याच गावांतली ही माणसं. त्यांनी दोन तास त्या एका ओळीचा मानपान केला. पहिला कोण, दुसरा कोण, आणि दुसरा असावाच का.

साडू कोपऱ्यात उभे होते. शेवटी ते म्हणाले, “साहेब, मशीनला मान कळत न्हाई. दार कोण उघडून राहिलं, तेवढंच कळतं त्याला.”

अध्यक्षांना हे उत्तर उर्मट वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते होतंच. ठराव झाला की प्रत्येक मशीनमध्ये एकच पत्ता राहील, आणि तो मुख्यालयाचा. उपाध्यक्षांनीही हात वर केला, कारण आपलं नाव दुसरं राहण्यापेक्षा नसलेलं बरं असं त्यांना वाटलं. साडूंना लेखी आदेश आला. त्यांनी त्याच कागदाच्या तळाशी उत्तर लिहिलं, ‘दोन पत्ते राहतील’, खाली सही केली आणि त्याच्या दोन प्रती काढून एक परत पाठवली. मग त्यांना नोटीस आली. तिच्यावरही तेच तीन शब्द. मेहुणी घाबरली होती. नोकरी गेली तर हिंगोलीत या वयात दुसरी मिळणार नव्हती, आणि गंमत अशी की जगातल्या प्रत्येक गोष्टीला राखीव ठेवणाऱ्या या माणसाने नोकरीला मात्र राखीव ठेवली नव्हती. ती मला फोन करून म्हणाली की तुम्ही थोरले आहात, तुम्ही समजावा. मी समजावलं. एक पत्ता कमी केल्याने तुमचं काय बिघडतं, असं मी म्हणालो. साडू पलीकडून म्हणाले की माझं काही बिघडत नाही, खुर्चीत बसलेल्याचं बिघडतं, आणि फोन ठेवून दिला.

संस्थेने बाहेरून एक तज्ज्ञ आणला. त्याने अध्यक्षांना पटवलं की मुख्य सर्व्हर एवढा भारी आहे की तो पडायचा प्रश्नच येत नाही. हिंगोलीच्या सगळ्या मशीनमधून त्याने दोन दिवसांत दुसरा पत्ता पुसला. औंढा-डोंगरकड्याच्या मशीनमधून तो साडूंनी पुसावा असा हुकूम होता. साडूंनी तो हुकूम वाचून घडी घालून खिशात ठेवला. तज्ज्ञ म्हणाला, मीच जाऊन येतो पुढच्या आठवड्यात. उन्हाळा चढत गेला आणि तो पुढचा आठवडा काही आला नाही. साडूंची मात्र बदली झाली. शिक्षा म्हणून त्यांना डोंगरकड्याच्या केंद्रात, राखीव सर्व्हरच्या खिडकी नसलेल्या खोलीत टेबल देण्यात आलं. आयुष्यभर ज्याने राखीव जपला त्याला संस्थेने राखीव करून टाकलं.  ते जाताना दोन टेबलफॅन घेऊन गेले.

अध्यक्षांना मी हसतो आहे, पण मी काय वेगळं केलं होतं? आमच्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, त्याच संस्थेच्या औंढ्याच्या केंद्रात डायलिसिस सुरू झालं होतं. मामांना मुलगा नाही, दोन मुली. पहिल्या दिवशी फॉर्म भरायचा होता. प्रसंगी कोणाला कळवायचं, या रकान्यात मामांनी माझं नाव आणि नंबर घालायला सांगितला. थोरल्या जावयाचा मान. अधिक महिन्यात पहिला पाट माझा असतो, पहिलं ताट माझं असतं, तसाच हा रकाना माझा. मी पुण्यात, चार जिल्हे पलीकडे. साडू हिंगोलीत, अर्ध्या-पाऊण तासावर. पण हे कोणाच्या मनात आलं नाही. माझ्या तर मुळीच नाही. साडूंनी फॉर्म हातात घेतला आणि कोणाला न विचारता माझ्या नंबरखाली स्वतःचा लिहिला. मामांनी तोंड फिरवलं. आणि मी, शिकला-सवरलेला माणूस, बायकोपाशी आठ दिवस कुरकुरत होतो की म्हणजे माझ्यावर भरवसा नाही असंच ना याचं म्हणणं? दुसरा पत्ता लिहिला की पहिल्याचा अपमान होतो, हे अध्यक्षांचं शास्त्र मला त्यांच्याही आधी पाठ होतं.

पुढे अध्यक्षांचा वाढदिवस आला. हिंगोलीच्या केंद्राच्या आवारात मांडव पडला. मांडववाल्याला ध्वनिक्षेपकासाठी आणि फुलं उडवायच्या यंत्रासाठी वीज हवी होती. त्याने सगळ्यात दमदार बोर्ड शोधला, तो निघाला सर्व्हरच्या खोलीतला. सकाळी साडेदहाला सत्काराचं पहिलं भाषण सुरू झालं, फुलं उडाली आणि त्याच झटक्यात सर्व्हरला जपणाऱ्या बॅटरीच्या डब्यातून धूर निघाला. जो सर्व्हर पडायचा प्रश्नच नव्हता तो पडला. हिंगोलीच्या केंद्रातल्या सगळ्या पडद्यांवर पांढरं वर्तुळ फिरू लागलं.

त्या वेळी औंढ्याला मामा खुर्चीत बसले होते. दोन दिवसांपूर्वी हिंगोलीच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं होतं, शौचावाटे रक्त जातंय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. डायलिसिस करताना रक्त गोठू नये म्हणून जे पातळ करायचं इंजेक्शन देतात ते यांना पुढचं सांगेपर्यंत द्यायचं नाही, असं त्यांनी डेटाबेसमध्ये लिहून ठेवलं होतं. हे मामांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मामांना कोणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, सगळं बराबर हाय. त्या दिवशी रोजची सिस्टर रजेवर होती. जी नवी होती तिने त्यांना विचारलं, काही त्रास आहे का? सगळं बराबर हाय. तिने पडद्याकडे पाहिलं, तर तिथेही वर्तुळ फिरत होतं. डॉक्टर हिंगोलीच्या मांडवात, फोन त्या भोंग्यात कोणाला ऐकू येणार? इंजेक्शन भरून तिच्या हातात होतं. मुलगी शहाणी होती. तिने फॉर्म काढला आणि नातेवाइकांना विचारावं म्हणून पहिला नंबर लावला.

तो फोन मला आला. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. नंबर अनोळखी होता. मी पडद्याकडे पाहिलं आणि फोन टेबलावर पालथा घातला. हे मी कोणाला सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं, कारण सगळेच असं करतात. तो पालथा पडलेला फोन थरथरत टेबलावर जरा सरकला, एवढं मला आठवतं. मी त्यावर हात ठेवला.

तिने दुसरा नंबर लावला. साडूंनी पहिल्याच घंटीला उचलला. डोंगरकड्याच्या त्या कोंदट खोलीत, दोन पंख्यांच्या मध्ये, ते आधीच उभे होते. मुख्य गेल्याचा इशारा त्यांच्या कॉम्प्युटरने तिला वर्तुळ दिसायच्या आत दिला होता. राखीवाला उठवण्याआधी त्यांनी एक काम केलं होतं. हिंगोलीच्या वॉचमनला फोन करून त्यांनी सांगितलं होतं की सर्व्हरची पिन बोर्डातून उपसा आणि मी सांगेपर्यंत हातातून सोडू नका. का, म्हणून त्याने विचारलं, तर म्हणाले, “तो मधीच उठून बसला, तर दोघंबी म्हणतीन मीच मुख्य. अध्यक्ष-उपाध्यक्षाचं पायलं न्हाई का तुमी?” वॉचमनने ते पाहिलं होतं. तो पिन मुठीत धरून सत्कार संपेपर्यंत खुर्चीवर बसून राहिला. अध्यक्षांना हार घालायलासुद्धा उठला नाही.

सिस्टरला साडू म्हणाले, “ताई, सुई खाली ठेवा. पडदा येऊन राहिला. तो काय म्हणतो ते वाचा, मंग हात लावा.”

त्यांनी राखीवाला हुकूम दिला. औंढ्याचं मशीन तोपर्यंत त्याच्या पद्धतीने वागत होतं: हिंगोलीच्या दारात पाच सेकंद, उत्तर नाही, डोंगरकड्याच्या दारात, लिहून घेता का? नाही. पुन्हा हिंगोली, पुन्हा डोंगरकडा. आणि या खेपेला डोंगरकडा म्हणाला, घेतो. कोणी काही न करता पडदा भरला. मामांच्या नावापुढे लाल अक्षरांत डॉक्टरांची सूचना होती. सिस्टरने ती फोनवर मोठ्याने वाचली, मग दुसऱ्यांदा वाचली, आणि भरलेलं इंजेक्शन बाजूला टाकून दिलं. मामांनी डोळे उघडले आणि म्हणाले, म्या म्हणलं व्हतं न, सगळं बराबर हाय.

हिंगोलीला मात्र दुपारपर्यंत वर्तुळच फिरत होतं. एकच पत्ता ना! तिथल्या पेशंटांना ताटकळत बसवावं लागलं. तज्ज्ञाचा फोन लागेना. शेवटी नोंदणीच्या बाईंनी साडूंना विचारलं, आणि त्यांनी ती ओळ फोनवरून, ठिपक्या-ठिपक्यासह, बाईंना सांगितली. प्रत्येक मशीनमध्ये पुन्हा दोन पत्ते बसले. संध्याकाळी अध्यक्ष शाल आणि नारळ घेऊन स्वतः डोंगरकड्याला आले. वाढदिवसाचीच शाल असावी, तिच्यावर पाकळी होती. ते म्हणाले, झालं गेलं विसरा, उद्यापासून मुख्यालयात या. साडूंनी नारळ घेतला, शाल घेतली आणि येत नाही म्हणाले. आता मुख्य सर्व्हर डोंगरकड्यात होता, हिंगोलीचा दुरुस्त होऊन राखीव म्हणून लागणार होता. मग हिंगोली पुन्हा मुख्य कधी होणार, असं अध्यक्षांनी जरा काकुळतीने विचारलं.

साडू म्हणाले, “हा पडल तवा.”

चालणारं उगाच कशाला हलवायचं, हे त्यांचं कारण. आणि ते बरोबरच आहे. पण ते सांगताना त्यांच्या मिशीत काय चाललं होतं ते उपाध्यक्षांनी पाहिलं आहे आणि सगळ्या डोंगरकड्याला सांगितलं आहे. साडू अजून त्याच खोलीत बसतात. अध्यक्ष खिडकी पाडून देतो म्हणाले, तर यांनी दोन मागितल्या.

सर्व्हर पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोचलो. मेहुणीने सगळं सांगितलं, आणि सिस्टरचा तो पहिला फोन कोणाला गेला होता हे सांगताना ती थांबली. मामांनी औंढ्याच्या केंद्रात मला बोलावून फॉर्म मागवला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले की नाव बदला, धाकल्या पाव्हण्याचं वर घ्या. मी पेन काढलं. मला लाज वाटत होती आणि ती लपवायची माझी इच्छाही नव्हती. फोन आला होता, मी पाहिला होता, पालथा घातला होता, असं मी शेजारी उभ्या असलेल्या साडूंना सरळ सांगून टाकलं. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, आपल्या खिशातल्या दोन पेनांशेजारी लावलं आणि म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, साडूभाऊ. तुमी पडल्ते, एवढंच. पडणाऱ्याला आमी कधी बोलत न्हाई. मंग दुसरा पत्ता कशाला असतोय?”

क्रम त्यांनी बदलू दिला नाही. क्रमाने काही होत नाही, उचलला पाहिजे, असं म्हणाले. पण मला सोडलंही नाही. त्या आठवड्यापासून दर रविवारी सकाळी सात वाजता त्यांचा फोन येऊ लागला. मी उचलायचा. ते विचारायचे, कोण? मी म्हणायचो, मीच. ते म्हणायचे, बराबर, आणि ठेवायचे. ना खुशाली, ना हवापाणी. पहिले काही रविवार मी तिसऱ्या-चौथ्या घंटीला उचलायचो. मग उशाशी फोन घेऊन झोपायला लागलो. आता अनोळखी नंबर मी पालथा घालत नाही. बँकेचं कर्ज हवंय का, असं विचारणाऱ्या मुलींशीही मी आदराने बोलतो.

मामा त्यानंतर दोन वर्षं जगले. गेले ते घरी, दिवसाउजेडी, जेवून, आणि शेवटचं विचारलं तेव्हाही सगळं बराबर हाय असंच म्हणाले. केंद्रातून त्यांचा फॉर्म परत आला. माझा नंबर वर, साडूंचा खाली, दोघांच्या वर मामांचं नाव आणि त्यावर मारलेली आडवी रेघ. तेराव्यानंतर साडू तो फॉर्म हातात घेऊन बराच वेळ बसले होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही ते रुमाल काढून नुसते घडी घालत राहिले. मग तो खिशात ठेवून दुसरा काढला.

मला वाटलं, आता रविवारचा फोन बंद होईल. ज्याच्यासाठी दोन पत्ते लागत होते तोच राहिला नाही. पण पुढच्या रविवारी सातला फोन वाजला. मी विचारलं, आता कशासाठी?  मला मागे त्यांच्या घरातलं भांड्यांचं वाजणं ऐकू येत होतं. साडू म्हणाले, “मामा गेले, पण पत्ते तं दोन्ही जित्ते हायत न.” आणि फोन ठेवला.

ते आता साठीला आले आहेत, मी त्यांच्या चार वर्षं पुढे. हल्ली शनिवारी झोपताना माझ्या मनात येतं की एखाद्या रविवारी हा फोन वाजणार नाही. हे मी बायकोला बोलून दाखवलं नाही. सात वाजायच्या आधी मी उठून बसतो, चष्मा लावतो आणि फोन हातात धरतो. वाजला, की पाच आकडे व्हायच्या आत उचलतो आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगतो, मीच आहे.